पट्टीखालचा पाईप

पट्टी बांधल्याने पाईप थंड होत नाही. हे वाक्य मी इतक्या गिऱ्हाइकांना सांगितलं आहे, की हल्ली ते बोलताना माझे हात दुसरंच काम करत असतात. समोरचा माणूस मान हलवतो, "बरोबर हाय भाऊ" म्हणतो आणि मग विचारतो, "मंग किती थंडा होईल?"

सुलतानपूरच्या फाट्यावर माझं सायलेन्सरचं दुकान आहे. फुटलेला सायलेन्सर जोडणं, सडलेला पाईप बदलणं, गॅसकेट टाकणं, वेल्डिंग, एवढंच काम. इंजिनाला मी हात लावत नाही. इंजिनातून धूर बाहेर पडला की तिथून शेवटच्या टोकापर्यंत माझी हद्द. या हद्दीत माणसाचं कौतुक होत नाही. गाडी नीट चालली तर इंजिनाचं नाव होतं, आवाज करायला लागली की माझी आठवण येते. त्याबद्दल तक्रार नाही. पण या पट्टीच्या प्रकरणाने मला थकवलं आहे, म्हणून ते एकदा नीट लिहून काढतो. म्हणजे छापून आलं की पुढच्याला अंकच हातात देता येईल.

आधी पट्टी म्हणजे काय ते सांगतो. इंजिनात डिझेल किंवा पेट्रोल जळालं की तापलेला धूर आधी ज्या भागातून बाहेर येतो, त्याला ट्रॅक्टरवर मॅनिफोल्ड म्हणतात. तो बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, जाड तुकडा असतो. मोटारसायकलवर तिथे वाकवलेला पाईप असतो. ट्रॅक्टरवर काम पडलं की हा बिडाचा तुकडा चारशे अंशांच्या वर जातो. भाकरीचा तवा त्याच्यापुढे थंडच म्हणायचा. या भागावर गुंडाळायला दोन इंच रुंदीची, काचेच्या धाग्याची विणलेली पट्टी मिळते. एक तपकिरी जातही येते, ती काळा दगड वितळवून काढलेल्या धाग्याची असल्याचं पाकिटावर लिहिलेलं असतं. आमच्या लोणार तालुक्यात विहीर खोदताना ज्याने कुदळी मोडतात तोच दगड, शहरातून पाकिटात भरून परत आमच्याकडे येतो. पट्टी पाण्यात भिजवायची, ओढून ओढून गुंडाळायची, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर थोडा चढवायचा आणि टोकांना स्टीलच्या पट्ट्या आवळायच्या. काम कठीण नाही. मात्र काचेचे बारीक तंतू मनगटात शिरतात आणि दोन-चार दिवस अंग खाजतं. पट्टीचं काम करून आलो की माझी बायको सुनीता माझे कपडे घरातल्या कपड्यांत मिसळू देत नाही. "तुमी बाहेरच धुवा अन् बाहेरच वाळवा. जमलं तं बाहेरच राहा," असं म्हणते.

पट्टीचा फायदा खरा आहे. उष्णता पाईपच्या आतच राहते आणि धुराबरोबर मागे निघून जाते. बॉनेटखाली हवा कमी तापते, वायरी आणि रबरी नळ्या वाचतात, चालवणाऱ्याच्या पायाला झळ लागत नाही. पण उष्णता आत राहते म्हणजेच पाईप जास्त तापतो. जे लोखंड आधी वाऱ्यावर थोडं निवत होतं, ते आता गोधडीत गुंडाळल्यासारखं होतं. ते लवकर थकतं, त्याला तडे जातात आणि ते तडे पट्टीखाली दिसत नाहीत. पावसाळ्यात पट्टी पाणी धरते आणि पाईप आतल्या आत सडतो. शिवाय पट्टी तेल पिते. ही शेवटची गोष्ट मी प्रत्येकाला दोनदा सांगतो.

माझ्याकडे तापमान मोजायची बंदूक आहे. दाबलं की लाल ठिपका पडतो आणि आकडा येतो. लोकांना ती फार आवडते. बांधण्याआधी चारशे दहा, बांधल्यावर दीडशे, असा आकडा पाहिला की गिऱ्हाइकाचा चेहरा खुलतो. मी सांगतो, हा आकडा पट्टीचा आहे, आतल्या पाईपचा नाही, आतला बंदुकीला दिसत नाही. तेवढं ऐकायला मात्र कोणी थांबत नाही.

हिवरा आश्रमच्या रस्त्यावर जीप चालवणारे एक बबनराव होते. इंजिनाच्या झळेने त्यांच्या उजव्या पायाचा तळवा कायम लाल. उन्हाळ्यात चपलेत ओलं फडकं घालून गाडी चालवायचे. त्यांना पट्टी बांधून दिली आणि पाय सुखावला. माणूस इतका खूश, की माझ्या दुकानासमोर गाडी हळू करून हॉर्न वाजवल्याशिवाय पुढे जायचा नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर हॉर्नऐवजी सायलेन्सरच वाजत आला. पट्टी सोडली तर पाईप माझ्या हातात तीन तुकड्यांत आला.

बबनरावांनी तुकडे पाहिले आणि म्हणाले, "मिस्तरी, पाय वाचवू का पाईप वाचवू, येक सांगा."

मी म्हणालो, "पाय वाचवा. पाईप माझ्याकडे मिळतो."

त्यांच्या बाबतीत पट्टी योग्यच होती. फक्त तिच्यामुळे पाईप लवकर जाणार हे धरून चालायचं. उलट बुलेटवाल्यांना मी शक्यतो परत पाठवतो. त्यांना पाय वाचवायचा नसतो, फोटो काढायचा असतो.

पण मला सांगायचं आहे ते नामदेवच्या ट्रॅक्टरबद्दल.

नामदेव आमच्या शेजारच्या गावचा. स्वतःचं ट्रॅक्टर आणि मळणीयंत्र. सोयाबीनच्या दिवसांत हे यंत्र या शेतातून त्या शेतात फिरायचं, आणि वर्षाची खरी कमाई तेवढ्याच दिवसांची. ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. सोयाबीन कापून शेतात त्याची गंजी रचतात, तिला आमच्याकडे सुडी म्हणतात. सुडीशेजारी यंत्र लावायचं, ट्रॅक्टरच्या मागच्या शाफ्टवर ते फिरवायचं आणि मजुरांनी सुडीतला माल यंत्रात टाकत राहायचं. एका तोंडातून दाणे पडतात, दुसऱ्या तोंडातून भुसा उडतो. त्या भुशाला आम्ही कुटार म्हणतो. ते वाळलेलं, हलकं असतं आणि सगळीकडे जातं. ट्रॅक्टर एका जागी उभं राहून तासन् तास जोर लावतं, त्यामुळे मॅनिफोल्ड तापत जातो. त्यात वारं फिरलं की कुटार थेट त्याच्यावर येऊन बसतं. चालत्या ट्रॅक्टरवर ते उडून जातं, उभ्यावर साचतं. म्हणून कोणीतरी तिथे उभं राहून सारखं झाडत राहायचं असतं. हा नियम सगळ्यांना माहीत असतो.

आदल्या वर्षी कौतिकाबाईच्या शेतात नामदेवच्या ट्रॅक्टरवरचं कुटार पेटलं. तिथून ठिणगी सुडीत गेली. ट्रॅक्टर लोकांनी ओढून काढलं, सुडी मात्र राहिली नाही. कौतिकाबाई साठीतली बाई, नवरा गुडघ्यांनी घरी बसलेला, शेत तीच पाहते. तिचं ते साल गेलं. आणि नामदेवचं नाव गेलं. त्यानंतर मळणीला त्याला कोणी बोलावेना. त्याने काही दिवस विटा वाहिल्या, मुरूम वाहिला. यंत्र घरामागे ताडपत्रीखाली. पोरंसुद्धा त्याच्या ट्रॅक्टरला "आगगाडी" म्हणायची.

या वर्षी सोयाबीन पिवळं पडायला लागलं तेव्हा तो माझ्याकडे आला. ट्रॅक्टर दुकानासमोर लावलं आणि खाली न उतरताच म्हणाला, "भाऊ, पट्टी बांधून द्या."

मी म्हणालो, "खाली तर उतर. कशाला पाहिजे?"

"कौतिकाकाकूकडं जातो म्हन्तो. तिनं यंत्र लावू देल्लं तं बाकीचे देतीन. तिनं नाही म्हनलं तं इकून टाकतो सगळं."

त्यात खोटं काही नव्हतं. जिचं जळालं तिनेच बोलावलं तर दुसरा कोण नाही म्हणणार? आणि तिने दारातून परत पाठवलं तर विषय संपला. पण रिकाम्या हातांनी कसं जायचं, एवढाच त्याचा प्रश्न होता. काहीतरी बदललंय हे दाखवायला हवं होतं.

मी त्याला सगळं सांगितलं. बीड आहे, जास्त तापून तडकू शकतं. वर्षातून एकदा पट्टी सोडून पाहावी लागेल. बाहेरून गार लागली तरी कुटार झाडायचं सोडायचं नाही. आणि तेलाचा थेंब लागू द्यायचा नाही. इंजिनाच्या वरच्या झाकणातून थोडं ऑइल पाझरत होतं, ते गॅसकेट त्याला आधी मेकॅनिककडून बदलून आणायला लावलं. ते झाल्यावरच पट्टीला हात लावला. हेही सांगितलं, की नवी पट्टी पहिल्यांदा तापली की थोडा वेळ धूर सोडते, घाबरायचं नाही, तो आपोआप बंद होतो.

"झालं का सांगून?" नामदेव म्हणाला. "मास्तरकी करून राह्यले तुमी. बांधा आता."

दुसऱ्या दिवशी मलाही तो कौतिकाबाईकडे घेऊन गेला. मला जायचं नव्हतं. पण बंदूक पाहिजे म्हणाला. अंगणात ट्रॅक्टर लावलं, इंजिन चांगलं तापवलं, नव्या पट्टीचा धूर निघून थांबला, मग मी बंदूक लावून आकडा दाखवला. कौतिकाबाईने आकड्याकडे पाहिलंही नाही. गोठ्यातून मूठभर कुटार आणलं आणि पट्टीवर टाकलं. आम्ही तिघेही ते पाहत उभे राहिलो. कुटार तसंच राहिलं. तिने हाताने चाचपलं, बोटांत चुरलं, वास घेतला.

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ये," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

मी तिला दारातून ओरडून सांगितलं, "काकू, पट्टी फक्त मदतीला हाय. मानूस उभा लागतेच."

"हाव, हाव," आतून आवाज आला.

परत येताना नामदेव ट्रॅक्टरवर गाणं म्हणत होता. चार दिवसांत त्याच्याकडे आणखी तिघांनी सांगून ठेवलं. काम भेटलं की माणसाची चाल बदलते, त्याचीही बदलली.

दसऱ्याला आमच्याकडे प्रत्येक गाडी, प्रत्येक अवजार धुऊन पुसून पुजतात. आदल्या दिवशी गाड्या धुणाऱ्यांकडे रांग लागते. तिथे एक पद्धत आहे, ती जगात आणखी कुठे असेल तर मला माहीत नाही. पाण्याने धुऊन झालं की गाडीच्या खालच्या अंगावर आणि इंजिनावर डिझेल आणि जुन्या ऑइलचा फवारा मारतात. गंज लागत नाही आणि लोखंड काळंभोर चमकतं. वेगळं सांगावं लागत नाही, धुण्यातच ते धरलेलं असतं. फवारा मारला नाही तर गिऱ्हाईकच विचारतं, काय बे, आमची गाडी काय सावत्र हाय?

नामदेव ट्रॅक्टर धुवायला लावून झेंडूची फुलं आणायला बाजारात गेला. परत आला तर ट्रॅक्टर नव्यासारखं.

दसऱ्याला दिवस मावळताना तो माझ्या घरी सोनं द्यायला आला, ट्रॅक्टर घेऊनच. हार, कुंकू, बॉनेटवर स्वस्तिक. आपट्याची पानं दिली, पाया पडला. सुनीताने चहा ठेवला. मी सवयीने ट्रॅक्टरपाशी गेलो. माझं काम कुठे दिसलं की मी हात लावून पाहतो, ही खोड आहे. पट्टीला बोटं लावली आणि बोटं ओली झाली. वास घेतला तर डिझेल आणि जळकं ऑइल.

मी त्याला बोलावलं, बोटं त्याच्या नाकाशी धरली.

"धुणाऱ्यानं मारलं असंन," तो म्हणाला. "सगळ्याइले मारतेत."

"नामदेव, ही पट्टी आता वात झाली. दिव्याची असते तशी. उद्या जोर लागला की ही पेटणार."

"जळून जाईन ना डिजल. थोडं चालू ठेवलं की उडून जाते."

"बाहेरचं उडेल. आतल्या वेढ्यांतलं कुठे जाईल? सकाळी दुकानावर ये. काढून टाकू."

त्याने पट्टीवर बोट फिरवलं. मग म्हणाला, "काढून काकूसमोर काय घेऊन जाऊ?"

चहा निवून गेला. शेवटी सकाळी येतो म्हणाला आणि निघाला. "येतो" कशा आवाजात म्हटलं यावरून कोण येणार आणि कोण नाही हे दुकानदाराला कळतं. सुनीतालाही कळलं. "नाही येत तो," ती म्हणाली.

सकाळी मी दुकान उघडून बसलो. नामदेव आला नाही. फोन लावला, उचलला नाही. ऊन वर आलं तसा मी कटर, पाना आणि जाड हातमोजे पिशवीत टाकले आणि मोटारसायकल काढली. वाटेत एकच विचार चालू होता, की आपलं काय जातं? बांधताना सगळं सांगितलं, काल पुन्हा सांगितलं. पण सांगून झालं म्हणजे काम संपत नाही. निदान माझं संपत नाही. हा स्वभाव घेऊन धंदा करणं फार दमवतं.

शेताच्या बांधावरून पाहिलं तेव्हा ट्रॅक्टर सुडीपासून थोड्या अंतरावर उभं होतं. यंत्र जोडून झालं होतं, इंजिन चालू होतं. शाफ्ट अजून फिरत नव्हता. मजूर बाया सुडीपाशी डोक्याला फडकी बांधून तयार. पलीकडच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, शेजारचे विठ्ठलराव बसले होते, दुसऱ्या दिवसाची पाळी त्यांची होती, म्हणून पाहायला आले होते. आणि मॅनिफोल्डपासून पांढरा धूर निघत होता, बारीक, सरळ वर जाणारा. नामदेव त्या धुराकडे पाहत उभा होता.

मी गाडी धुऱ्यावर टाकली आणि पळत गेलो. आधी इंजिन बंद केलं.

"काऊन बंद केलं?" नामदेव म्हणाला. "तुमीच म्हनले होते ना, पयल्या बारीले धूर निंगते म्हनून."

"पहिली बारी अंगणात झाली. तेव्हा निघाला, बंद झाला. हा डिझेलचा आहे. तुला माहीत आहे."

त्याने आवाज खाली आणला. "भाऊ, अथी नोका खोलू. पाया पडतो. लोकं पाह्यतात. घरी नेतो, तथी खोलू."

"घरी जाईपर्यंत वाटेत पेटलं तर?"

"मले आता अर्धा दिवस द्या फक्त."

मी काय बोलणार होतो ते मला आजही नक्की सांगता येत नाही. या माणसाला अर्धा दिवस पाहिजे होता, आणि समोर एका बाईचं सगळं साल रचून ठेवलेलं होतं. तेवढ्यात कौतिकाबाईच सुडीकडून चालत आली. कमरेत पदर खोचलेला, हातात विळा.

"काय झालं? धूर कायचा हाय हा?"

तिने मला विचारलं. मी नामदेवकडे पाहिलं. सांगायला मला अर्धं वाक्य पुरलं असतं. पण ते मी बोललो असतो तर सलग दुसऱ्या वर्षी त्याचं नाव गेलं असतं, आणि तो स्वतः बोलला तर निदान खरा तरी ठरला असता. तो बोलला नाही तर मी बोलणार होतोच. मी मनात पाच मोजायचं ठरवलं.

तीनलाच तो बोलला.

"काकू, पट्टीनं डिजल पेलं. परवा धुताना मारलं त्याइनं. भाऊनं मले रातीच सांगतलं होतं. सुडीपाशी लावत नाही मी हे."

कौतिकाबाईने विळ्याचं टोक पट्टीकडे केलं. "काढ मंग."

कटर पिशवीतच राहिलं, नामदेवने तिच्याच हातातला विळा घेतला. मी हातमोजे घालून पान्याने स्टीलच्या पट्ट्या सोडवल्या, त्याने विळ्याने वेढे फाडले. वरचे दोन वेढे सुटले तोवर फक्त धूर होता. तिसरा सुटला आणि आत हवा गेली. भप्प आवाज झाला आणि पट्टी पेटली. मी हातमोज्यांनीच ती खेचून लांब फेकली. ती मोकळ्या मातीवर जळत पडली, पिवळ्या जाळाची, वीतभर उंच. आम्ही दोघांनी पायांनी माती लोटून ती विझवली. मनगटाजवळ मला चटका बसला, तो संध्याकाळी कळला.

सुडीपाशी एक बाई "आई वं" म्हणाली. सगळ्यांनी पाहिलं होतं. ज्या पट्टीवर कुटार टाकून कौतिकाबाईने होकार दिला होता ती पट्टी मातीत काळी होऊन पडली होती. ट्रॅक्टरचा मॅनिफोल्ड आदल्या वर्षीसारखाच उघडा होता. विठ्ठलराव धुऱ्यावरून उठून उभे राहिले.

नामदेव यंत्राच्या शाफ्टची पिन काढायला वाकला. निघायच्या तयारीला लागला होता.

"थांब," कौतिकाबाई म्हणाली. "आता काय हाय तुह्यापाशी?"

"काहीच नाही काकू."

"मागच्या साली आग लागली तवा तू कुठं होता?"

पिन हातात धरून तो तसाच वाकलेला राहिला. गेलं सगळं वर्ष लोक वाऱ्याला, कुटाराला, ट्रॅक्टरला दोष देत होते. हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता.

"निंबाखाली," तो म्हणाला. "जेवाले बसलो होतो. इंजिन चालूच होतं."

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "मी पाह्यलं होतं. तू सांगतं का नाही तेवढंच पाह्यत होती."

मग ती मजूर बायांकडे वळली आणि कोणाला तरी फवारणीच्या पंपात नुसतं पाणी भरून आणायला सांगितलं. ट्रॅक्टर दुसऱ्या बाजूला लावायला लावलं, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे कुटार कमी येईल. मी इंजिनाच्या बाजूचं सगळं तेल फडक्याने पुसून घेतलं, धुण्याच्या साबणाने पुन्हा धुतलं, वाळू दिलं. बंदूक लावली नाही. उघडा मॅनिफोल्ड किती तापतो हे पाहायला बंदूक लागत नाही, जवळ हात नेला की कळतं. पट्टीत आणि उघड्या लोखंडात हाच फरक आहे. पट्टी असली की माणूस निश्चिंत होतो.

नामदेवने निंबाची पालेदार फांदी तोडून घेतली आणि मॅनिफोल्डशेजारी उभा राहिला. यंत्र सुरू झालं. कुटार उडायला लागलं, त्याच्या डोक्यावर, भुवयांवर, शर्टाच्या खिशात. तो झाडत राहिला. मी जायला निघालो होतो, पण गेलो नाही, पंप खांद्याला लावून दुसऱ्या बाजूला उभा राहिलो. दुकान बंदच होतं. वय झालं की खांद्याला पंपाचा पट्टा लगेच रुततो.

दुपारी जेवायची वेळ झाली. बाया निंबाखाली बसल्या. यंत्र मात्र थांबवता येत नव्हतं, आभाळ भरून आलं होतं, दोन गडी सुडीवर चढून माल टाकत होते. नामदेवने एकदा सावलीकडे पाहिलं. कौतिकाबाईने भाकरीवर मिरचीचा ठेचा घातला, ती आपल्या हाताने त्याच्यापर्यंत आणून दिली आणि तिथेच उभी राहिली. त्याने एका हातात भाकर धरली, दुसऱ्या हाताने झाडत राहिला. भाकरीवर कुटार पडत होतं, तो तसंच खात होता.

सुडी संपली तेव्हा आभाळातून दोन-चार थेंब आले आणि गेले. पोती शिवून झाली. कौतिकाबाईने शेवटच्या पोत्यातला एक दाणा दाताखाली फोडून पाहिला, वाळलाय म्हणाली. नामदेव यंत्राची ताडपत्री बांधत होता. त्याचं तोंड कुटाराने पांढरं झालं होतं, डोळे लाल. विठ्ठलराव सगळा वेळ धुऱ्यावरच होते. आता ते उतरून आले. उद्याची पाळी त्यांची होती आणि त्यांनी सकाळचा जाळ पाहिला होता. आधी ट्रॅक्टरकडे, मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या बोलण्याने सुटण्यासारखं ते नव्हतं.

त्यांनी कौतिकाबाईला विचारलं, "काय करू वं वहिनी?"

ती पदराने मान पुसत होती. नामदेवकडे न पाहता म्हणाली, "न्या उद्या याले. फक्त जेवाले बसू देऊ नोका."